एस पीळ, झेड पीळ आणि इलेक्ट्रॉनची फिरकी

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ट्विस्टिंग हा शब्द रोजचा आहे. वडील नाही तर काका, मामा, शेजारी, कोणीतरी टीएफओ मशीनवर कामाला असतेच. त्यामुळे धाग्याला पीळ दोन तऱ्हांनी बसतो हे गोडादऱ्यातल्या मुलाला शिकवावे लागत नाही. धागा उभा धरून पाहिला की पिळाची रेघ एक तर एस अक्षराच्या मधल्या रेघेसारखी झुकलेली दिसते, नाही तर झेडच्या मधल्या रेघेसारखी. जॉर्जेट विणताना दोन धागे एस पिळाचे, दोन झेड पिळाचे असे आलटून पालटून घालतात, आणि त्यातूनच त्या कापडाला त्याची बारीक चुणी येते. बॉबिनची अदलाबदल झाली तर ताक्यात पट्टा उमटतो आणि खात्यात कोणाची तरी खरडपट्टी निघते. नुसत्या डोळ्यांनी पीळ पटकन ओळखू येत नाही, म्हणून धुतल्यावर निघून जाईल असा कच्चा रंग धाग्याला देतात.

नववीच्या वर्गात आरशाचा धडा चालू असताना एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, "सर, आरशात पाहिलं तर एसचा झेड होतो. मग आरशातलं कापड आपल्या कापडासारखंच निघेल का?" कापडाचे उत्तर सोपे आहे. सगळे एस झेड झाले आणि सगळे झेड एस झाले तरी जॉर्जेट ते जॉर्जेटच. आरशातली मिलही आपल्या मिलसारखीच चालेल. पण हाच प्रश्न निसर्गाला विचारला तर? आरशातल्या जगात निसर्गाचे सगळे नियम आपल्या जगासारखेच चालतील का? १९५६ पर्यंत बहुतेक सर्व शास्त्रज्ञ "हो, चालतील" असेच धरून चालले होते. त्या वर्षी ली आणि यांग यांनी शंका काढली, आणि चिएन-शिउंग वू या विदुषीच्या कोबाल्टवरील प्रयोगाने १९५७ मध्ये उत्तर दिले: नाही. अणूच्या गाभ्यातील काही घडामोडी घडवून आणणारे जे दुर्बल बल आहे, ते डाव्या-उजव्यात भेद करते.

वर्गात आम्ही तेवढ्यावर थांबलो, कारण तास संपला. प्रश्नाचा पुढचा भाग मात्र त्याहून रंगतदार आहे, म्हणून तो येथे लिहीत आहोत. एस पिळाचे इलेक्ट्रॉन आणि झेड पिळाचे इलेक्ट्रॉन साध्या पदार्थावर आदळले, तर दोघे अगदी सारखेच उसळतील का? हे पाहायचे तर आधी एकाच पिळाचे इलेक्ट्रॉन हाताशी हवेत. ते मिळवणे हीच सगळ्यात अवघड गोष्ट ठरली.

इलेक्ट्रॉनला वस्तुमान असते आणि विद्युतभार असतो, हे पाठ्यपुस्तकात आहे. त्याला आणखी एक गुण असतो, स्पिन. मराठीत त्याला फिरकी म्हणू. ही उत्तरायणाच्या मांज्याची फिरकी नव्हे आणि अनिल कुंबळेचीही नव्हे. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर गरगरत असतो असेही समजू नका. ते केवळ चित्र आहे. पण कोणत्याही दिशेने मोजली तर ही फिरकी दोनच उत्तरे देते, या बाजूची किंवा त्या बाजूची. अधलेमधले काही नाही. फिरकी धावण्याच्या दिशेला असेल तर इलेक्ट्रॉनला झेड पिळाचा म्हणू, विरुद्ध असेल तर एस पिळाचा.

जुन्या टीव्हीच्या नळीत तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटायचे आणि पडद्यावर आदळायचे. त्या शलाकेत दोन्ही पिळांचे इलेक्ट्रॉन निम्मे निम्मे असत. कोणताही तापलेला धातू असाच सरमिसळ माल देतो. शंभरात ५० एस आणि ५० झेड असले तर ध्रुवीकरण शून्य टक्के. ७५ आणि २५ असले तर वजाबाकी करून ५० टक्के. ९५ आणि ५ असले तर ९० टक्के. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चुंबक लावून दोन्ही वेगळे करता येणार नाहीत का? १९२२ मध्ये स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंची शलाका चुंबकातून पाठवून तिचे असे दोन भाग केले होते. पण चांदीचा अणू विद्युतदृष्ट्या उदासीन आणि जड असतो. इलेक्ट्रॉन हलका आणि भारित. चुंबक त्याच्या भारालाच एवढा जोराचा धक्का देतो की फिरकीमुळे पडणारा चिमुकला फरक त्यात पुसून जातो. म्हणजे सरमिसळ माल नंतर निवडत बसून उपयोग नाही. बॉबिनवर धागा चढतानाच तो एका पिळाचा हवा.

अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरक केंद्रात, ज्याला स्लॅक म्हणतात, येल विद्यापीठाच्या व्हर्नन ह्यूज यांच्या गटाने १९७० च्या दशकात असा एक स्रोत बसवला. त्याचे नाव पेगी. लिथियमच्या अणूंची फिरकी आधी एका दिशेला आणायची आणि मग अतिनील प्रकाशाने त्यांच्यातील इलेक्ट्रॉन सोडवून घ्यायचा, अशी ही रीत होती. ध्रुवीकरण सुमारे ८५ टक्के, म्हणजे उत्तम. पण माल फार थोडा. आपल्याला हव्या असलेल्या प्रश्नासाठी तो पुरणार नव्हता, कारण एस आणि झेड यांच्यातील अपेक्षित फरक दहा हजारांत एक एवढाच होता.

येथे आठवी-नववीच्या मुलांनी वही घ्यावी. शंभर वेळा नाणे उडवले तर बरोबर ५० छापे पडतातच असे नाही. पाचदहाचा फरक सहज पडतो. उडवण्याची संख्या जितकी वाढवाल तितका हा योगायोगाचा फरक प्रमाणाने कमी होतो, पण हळूहळू, वर्गमुळाच्या चालीने. दहापट बारीक पाहायचे तर शंभरपट मोजावे लागते. दहा हजारांत एक एवढा फरक नुसता दिसायलाच दहा कोटी मोजण्या हव्यात आणि त्यावर भरवसा ठेवायचा तर त्याच्या कितीतरी पट. शिवाय शलाका पूर्ण शुद्ध नसेल तर फरक आणखी पातळ होतो. ध्रुवीकरण निम्म्यावर आले तर इलेक्ट्रॉन दुप्पट घेऊन भागत नाही, चौपट घ्यावे लागतात.

मदतीला आला एक स्फटिक, गॅलियम आर्सेनाइड. रिमोट कंट्रोलच्या टोकाला जो लहान दिवा असतो, त्यात याच जातीचा अर्धवाहक असतो. या स्फटिकावर योग्य रंगाचा प्रकाश पाडला तर आतले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी घेतात. आणि प्रकाशालाही पीळ देता येतो! लेझरचा किरण विशिष्ट स्फटिकातून नेला की त्याचे वर्तुळी ध्रुवीकरण होते, म्हणजे तो डावा किंवा उजवा होतो. असा पीळ दिलेला प्रकाश आपला पीळ इलेक्ट्रॉनला देतो. मात्र गॅलियम आर्सेनाइडमध्ये उडी घेण्याच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने तीन इलेक्ट्रॉन हव्या त्या फिरकीचे निघतात, तर दुसऱ्या वाटेने एक उलट्या फिरकीचा निघतो. तीन वजा एक दोन, भागिले चार. म्हणजे जास्तीत जास्त ५० टक्के. सगळी खटपट करून अर्धेच गुण! पण किरणाचा पीळ उलटा केला की इलेक्ट्रॉनचाही उलटतो आणि बाकी कशालाही हात लावावा लागत नाही. हा गुण किती मोलाचा आहे ते पुढे कळेल.

आणखी एक अडचण होती. उडी घेतलेला इलेक्ट्रॉन स्फटिकातच राहतो. पृष्ठभागाची भिंत त्याला ओलांडता येत नाही. गार्विन, पिअर्स आणि झीगमन यांनी १९७४ मध्ये सुचवले की स्फटिकावर सीझियम आणि ऑक्सिजन यांचा थर दिला तर ही भिंत खाली येईल आणि पीळ दिलेले इलेक्ट्रॉन आपोआप बाहेर पडतील. थर केवढा, तर जेमतेम एका अणूच्या जाडीचा. सीझियम हा मोठा मानी धातू. २८.५ अंशांना वितळतो, म्हणजे सुरतेत मे महिन्यात बाटलीतच पाणी होईल. आणि हवा लागली की पेट घेतो.

म्हणून हे सर्व निर्वात पात्रात करावे लागते. पण निर्वात म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतल्या पंपाने काढलेली हवा नव्हे. आज अशा पात्रांत दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एकावर पंधरा शून्ये एवढ्या अंशापर्यंत खाली आणतात. आपल्या श्वासातल्या हवेत एका घन सेंटीमीटरमध्ये जितके रेणू असतात त्यांची संख्या लिहायला वीस आकडे लागतात. तेथे तेवढ्याच जागेत सुमारे २५ हजार उरतात. पोलादाचे अख्खे पात्र भट्टीसारखे तापवून तासन्‌तास ठेवतात, तेव्हा कुठे धातूत दडलेला वायू निघून जातो. एवढे करूनही उरलेले रेणू त्रास देतात. बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन अशा एखाद्या रेणूवर आदळला की त्याचा धन आयन होतो, आणि हजारो व्होल्टच्या दाबाने तो आयन उलट मागे धावत येऊन त्या नाजूक थरावर आपटतो. जो स्फटिक शलाका देतो, त्याचा ऱ्हास त्याच शलाकेमुळे होतो. थर निकामी झाला की स्फटिक पुन्हा तापवायचा, पुन्हा सीझियम द्यायचे. घंटीवर हिरा घासणाऱ्या आमच्या पालकांना हे चिकाटीचे काम वेगळे समजावून सांगायला नको.

१९७८ मध्ये स्लॅकमध्ये चार्ल्स प्रेस्कॉट आणि रिचर्ड टेलर यांच्या गटाने ई-१२२ हा प्रयोग केला. त्या वेळी वातावरण मोठे तंग होते. ग्लाशो, सलाम आणि वाइनबर्ग यांचा सिद्धान्त सांगत होता की विद्युतचुंबकीय बल आणि दुर्बल बल ही एकाच घराण्यातली आहेत, आणि म्हणून इलेक्ट्रॉनच्या टकरीतही डाव्या-उजव्याचा बारीक फरक दिसलाच पाहिजे. पण सिएटल आणि ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनी बिस्मथच्या अणूंमध्ये तो शोधला, तेव्हा तो सापडला नव्हता. पुढे नोवोसिबिर्स्कच्या गटाला सापडला. कोणाचे खरे मानायचे? एवढ्या मोठ्या सिद्धान्ताचा निकाल आता सीझियम लावलेल्या एका स्फटिकावर येऊन ठेपला होता.

ई-१२२ च्या स्रोताचे ध्रुवीकरण सरासरी ३७ टक्के होते. पेगीच्या ८५ शी तुलना केली तर नापासच. वरच्या हिशोबाने भरपाईला पाचपटीहून थोडे अधिक इलेक्ट्रॉन हवेत. नव्या स्रोताने शेकडो पट दिले. शलाका सेकंदाला १२० झटक्यांनी येई आणि प्रत्येक झटक्याचा पीळ नाणे उडवल्यासारखा, कोणताही क्रम न ठेवता ठरवला जाई. असे का? समजा सकाळी सगळे एस मोजले आणि दुपारी सगळे झेड. दुपारी यंत्र थोडे तापले, व्होल्टेज थोडे उतरले, तर त्याचा फरक निसर्गाच्या नावावर जमा होईल. आपल्याकडे एका पाळीचे आणि दुसऱ्या पाळीचे कापड शेजारी ठेवले तर काय दिसते ते सर्वांना ठाऊक आहे. दोष नेहमी धाग्याचाच असतो असे नाही.

फरक दिसला. दहा हजारांत साधारण एक. पण या मंडळींनी लगेच पेढे वाटले नाहीत. आम्हाला या प्रयोगात सर्वांत जास्त आवडलेला भाग हाच आहे. त्यांनी आधी लेझरसमोरचा प्रकाशीय स्फटिक अशा कोनात फिरवला की प्रकाशाला वर्तुळी पीळच बसू नये. तेव्हा फरक शून्यावर यायला हवा होता आणि तो आला. मग आणखी एक युक्ती केली. त्वरकातून बाहेर पडल्यावर शलाका चुंबकांनी वळवून लक्ष्याकडे नेतात. त्या वळणावर इलेक्ट्रॉनची दिशा जितकी वळते त्याहून त्याची फिरकी जास्त वळते, आणि किती जास्त ते ऊर्जेवर अवलंबून असते. म्हणजे स्रोताला हात न लावता, नुसती ऊर्जा बदलून, लक्ष्यावर पोचणारा पीळ बदलता येतो. १९.४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला फिरकी पुरी वळून पूर्वीच्या जागी येते. १७.८ ला ती आडवी पडते. पीळ ना एस ना झेड. १६.२ ला बरोबर उलटी होते. मोजलेला फरकही तसाच नाचला: एका ठिकाणी एका चिन्हाचा, मध्ये शून्याजवळ, दुसऱ्या ठिकाणी उलट चिन्हाचा. यंत्राच्या खोडीला एवढे पाठांतर कुठून येणार? १९७८ च्या जूनमध्ये निकाल जाहीर झाला, आणि पुढच्याच वर्षी त्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता त्या ५० टक्क्यांच्या अडथळ्याकडे वळू. तीनास एक असे प्रमाण येते, कारण उडीच्या दोन्ही वाटा एकाच ऊर्जेला खुल्या होतात. स्फटिकाला एका दिशेने ताणले किंवा दाबले तर या वाटांच्या ऊर्जा वेगळ्या होतात. मग लेझरचा रंग नेमका असा निवडायचा की एकच वाट उघडेल. १९९१ मध्ये जपानमधील नागोया विद्यापीठाच्या आणि स्लॅकच्या गटांनी असे ताणलेले स्फटिक बनवून ५० ची मर्यादा ओलांडली. ताण देण्यासाठी पकड किंवा स्क्रू लागत नाही. ज्या स्फटिकात अणूंमधील अंतर थोडे निराळे आहे, अशा दुसऱ्या स्फटिकावर पातळ थर वाढवला की वरचे अणू खालच्यांशी जुळवून घेताना आपोआप ताणाखाली येतात. पुढे गॅलियम आर्सेनाइड आणि गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइड यांचे काही नॅनोमीटरचे थर एकावर एक आलटून पालटून चढवले गेले, जणू दोन एस दोन झेड. त्यांतून ८५ ते ९० टक्के ध्रुवीकरण मिळू लागले.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील जेफरसन प्रयोगशाळेत अशाच स्रोताने क्यूवीक नावाचा प्रयोग २०१० ते २०१२ या काळात झाला. तेथील लेझरही ऐकण्यासारखा आहे. टेलिफोनच्या काचतंतूंतून जो अदृश्य प्रकाश धावतो, त्याच जातीचा १५६० नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन त्याची तरंगलांबी निम्मी, म्हणजे ७८० नॅनोमीटर करतात. तो गडद तांबडा प्रकाश स्फटिकाला चालतो. कतारगाम-वराछाकडे हिरे कापणारी हिरवी लेझर मशीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सांगायला हरकत नाही की तांत्रिक युक्ती तीच आहे, फक्त रंग वेगळा. क्यूवीकमध्ये पीळ सेकंदाला ९६० वेळा उलटत असे. त्याशिवाय साधारण दर आठ तासांनी लेझरच्या वाटेत एक पातळ पट्टी घालत किंवा काढत. त्यामुळे सगळी चिन्हे उलटी होत, आणि विजेच्या जोडण्यांमुळे येणारा खोटा फरक असेल तर तो उघडा पडे. २०१८ मध्ये अंतिम निकाल छापला गेला: फरक शंभर कोटींत सुमारे २२६ चा, आणि त्यात चूक नऊच्या आसपास. वर्गमुळाचे गणित आठवत असेल तर करून पाहा, एवढ्या अचूकतेसाठी किती इलेक्ट्रॉन मोजावे लागले असतील. एकावर सोळा शून्ये यायला हवीत.

मात्र फरक मोजून काम संपत नाही. शलाका ८९ टक्के शुद्ध आहे की ८५, हे ठाऊक नसेल तर उत्तराला अर्थ नाही. त्यासाठी शलाकेवर समोरून लेझरचा प्रकाश सोडतात. त्या धडकेत थोडी ऊर्जा गमावलेले इलेक्ट्रॉन चुंबकात जास्त वळून बाजूला पडतात आणि त्यांच्या संख्येवरून शलाकेचे ध्रुवीकरण काढता येते. क्यूवीकमध्ये हे इलेक्ट्रॉन टिपायला काय लावले होते? हिरा! प्रयोगशाळेत वायूतून वाढवलेल्या हिऱ्याच्या पातळ चकत्या, त्यांवर धातूच्या बारीक पट्ट्या. किरणोत्सर्गाच्या माऱ्यात बाकीचे शोधक लवकर खराब होतात, हिरा टिकतो. त्या हिऱ्याच्या शोधकांनी ध्रुवीकरण ०.५९ टक्के चुकीच्या आत मोजून दिले. आपल्या शहरात ज्याला सीव्हीडी किंवा लॅबग्रोन म्हणतात, त्याच घराण्यातला हा हिरा. याला पैलू पाडत नाहीत आणि कॅरटवर भावही करत नाहीत.

आता पुढचे काम. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर हे यंत्र उभे करायचे ठरले आहे. त्यासाठी २०२० च्या जानेवारीत ब्रुकहेवनची निवड झाली. तेथे आधीच असलेल्या सुमारे ३.८ किलोमीटर घेराच्या बोगद्यात एका बाजूने ध्रुवीकृत इलेक्ट्रॉन आणि समोरून ध्रुवीकृत प्रोटॉन फिरवून त्यांची टक्कर करायची आहे. प्रोटॉनलाही फिरकी असते. ती त्याच्या आतल्या क्वार्कांच्या फिरकीची बेरीज असावी असे वाटत होते, पण १९८८ च्या सुमारास सर्नमधील मोजमापांतून कळले की क्वार्कांचा त्यातला वाटा फार थोडा आहे. उरलेली फिरकी येते कुठून, हे या यंत्राला विचारायचे आहे.

या प्रकल्पासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या शास्त्रज्ञांत एक नाव आपल्या पालकांना वाचताक्षणी आपले वाटेल: अभय देशपांडे. स्टोनी ब्रुक विद्यापीठातल्या या प्राध्यापकांनी प्रकल्पाचे विज्ञान संचालक म्हणून काम पाहिले आहे. त्यांनी येलमध्ये पीएच.डी. केली आणि पुढे व्हर्नन ह्यूज यांच्याबरोबर काम केले; पेगी बसवणारे तेच ह्यूज. गुरूने लिथियमच्या अणूंतून थोडे थोडे इलेक्ट्रॉन गोळा केले होते. शिष्याच्या यंत्राला ते वर्तुळात पुंजक्या-पुंजक्यांनी आणि सुमारे ७० टक्के ध्रुवीकरण टिकवून हवे आहेत.

टिकवून हा शब्द महत्त्वाचा. वर्तुळात फिरणारा इलेक्ट्रॉन सतत प्रकाश टाकत असतो आणि त्या ओघात त्याची फिरकी हळूहळू एका ठरावीक बाजूलाच झुकू लागते, मग आपण त्याला कोणत्याही पिळाने सोडलेले असो. या यंत्रात मात्र काही पुंजके एका पिळाचे आणि काही दुसऱ्या पिळाचे, एकाच वर्तुळात मागेपुढे फिरायचे आहेत. तसे असले म्हणजे दोन्हींची मोजणी एकाच वेळी, एकाच यंत्रावर होते. ज्या पुंजक्यांचा पीळ निसर्गाला नको आहे, ते लवकर बिघडतात. म्हणून जुना पुंजका काढायचा आणि त्याच्या जागी स्फटिकातून नुकताच निघालेला, हव्या त्या पिळाचा नवा भरायचा, असा क्रम यंत्र चालू असेपर्यंत सुरू ठेवावा लागणार आहे.

नववीतल्या त्या विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी घरून दोन बॉबिन आणल्या होत्या, एक एसची आणि एक झेडची. त्या आता प्रयोगशाळेच्या कपाटात आरशाशेजारी ठेवल्या आहेत. भिंगही तेथेच आहे. मधल्या सुट्टीत येऊन पाहावे. कच्चा रंग मात्र आम्ही मुद्दाम धुऊन टाकला आहे.